सव्वीसवर

माझा नवरा लोखंडाचा रंग बघून डिग्री सांगतो.
अडतीस वर्षं उद्यमनगरात, भट्टीच्या तोंडाशी.
काळपट लाल म्हणजे सातशे,
केशरी म्हणजे हजार, अजून दम धर,
आणि डोळ्यात घुसणारा पिवळा आला
की ओता.

पण मंगळवार पेठेतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
चोवीस की सव्वीस,
हे दोघांना मिळून ठरवता येत नाही.

पन्नाशीनंतर माझ्या आतच एक भट्टी सुरू झालीय.
वेळकाळ नाही. रात्री दोनला कानामागून जाळ उठतो,
मान, छाती, पाठ, उशी ओली.
मी रिमोट चाचपते. अठरा.
पलीकडून गोधडीतून आवाज येतो,
"दह्याचा वाडगा हाय काय मी?"

एप्रिलचं बिल, चार हजार सहाशे दहा,
त्यानं फ्रीजवर चिकटवलं,
नातवाच्या प्रगतिपुस्तकाशेजारी.

मग तौफिक नदाफला बोलावला, गॅस भरायला.
स्टुलावर चढला, मशीन उघडलं नाही.
छताला तळहात लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"काकू, गॅस हाय. स्लॅब तापलाय.
मशीन दिवसभर तुमच्या गच्चीसंगं कुस्ती धरतंय,
आणि वजनात बसत न्हाई."

चहा घेताना म्हणाला, वडील कापूस पिंजायचे,
ह्याच गल्लीतनं जायचे धनुकली वाजवत.
सांगायचे, गादी ऊब देत नसते पोरा,
तुझीच ऊब तुझ्यापाशी ठेवते.
"आता मी उलट धंदा करतो. पण गणित त्येच."
पैसे घेतले नाहीत.
घेतले. शंभर. चहाचे वजा करून, म्हणाला.

रविवारी लक्ष्मीपुरीतून चुना आणला, दोन पोती.
अर्ध्या पिंपात तो रटरटत फुलला
आणि ह्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले.
लांब काठीनं ढवळत, वरची साय बाजूला काढत
हे एकटेच बोलत होते:
"साच्याला वॉश मारायचो आम्ही. काळा.
जलमभर काळाच मारला."
आणि गुडघ्यावर बसून, मागं मागं सरकत
सगळी गच्ची पांढरी केली,
एक कोपरा सोडून, जिथं स्वतःच अडकले.
पावलं उमटलीत तिथं. अजून आहेत.

शेजारचे जाधव कठड्यावरून ओरडले,
"लगीन काढलंय का काय घरात?"

रंकाळ्याच्या अंगाच्या खिडकीला
माझी जुनी इरकल लावली, दुहेरी, बाहेरून.
आतून लावून काय उपयोग?
चोर घरात आल्यावर कडी घालण्यासारखं ते.

आता दुपारी चारला छताखाली उभं राहिलं
तर डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं वाटत नाही.
एसी रात्री लावतो, सव्वीसवर, पंखा दोनवर.
मेचं बिल अजून यायचंय.
मी वाट बघत नाही असं नाही.

पण माझी भट्टी चुन्यानं कुठली विझायला.
काल पुन्हा दोन वाजता पेटली.
हात रिमोटकडं गेला आणि थांबला,
कसा कोण जाणे, मलाच राग आला त्याचा.
उठून बसले. हेही उठले.
काही न विचारता फ्रीजवरचं बिल आणलं,
चार घड्या घातल्या,
आणि माझ्या मानेवर वारा घालत बसले.

मध्येच तळहात टेकवून बघितलं.
अंधारात रंग दिसत नव्हता बहुतेक.
"किती?" मी विचारलं.
"ओतायला झाली न्हाईस अजून," म्हणाले. "दम धर."

मग जाळ उतरला, जसा उतरतो तसा, न सांगता,
आणि घाम गार होऊन मला हुडहुडी भरली.
सव्वीसवर.
ह्यांच्या गोधडीचं एक टोक मी ओढलं.
ह्यांनी दुसरं घट्ट धरून ठेवलं.